डॉ. होमी भाभा : अणूच्या आत डोकावणारा मुंबईकर



आज मिस्सा सुरू होण्यापूर्वी थोडा वेळ मिळाला तर एक हात मांडीवर उताणा ठेवा आणि मनातल्या मनात सावकाश मोजा : एक, दोन, तीन. तुम्ही एकेक आकडा मोजाल तसतसा साधारण एकेक कण तुमच्या तळहातातून आरपार जाईल. तो छप्पर भेदून येतो, हातातून जातो, बाकातून जातो आणि खाली जमिनीत शिरतो. तो दिसत नाही, टोचत नाही, काही इजाही करत नाही. एका मिस्सेच्या वेळात असे तीन-चार हजार कण एका तळहातातून निघून जातात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातांतूनही ते असेच जात होते, पण त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

या कणाचे नाव म्यूऑन. तो आपल्या डोक्यावर सुमारे पंधरा किलोमीटर उंचीवर जन्माला येतो आणि त्याचे आयुष्य सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम दोन भाग असते. एवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगाने धावले तरी सहाशे-सातशे मीटरच अंतर कापून होईल. मग हा कण पंधरा किलोमीटर खाली आपल्या चर्चमध्ये पोहोचतो तरी कसा? या कोड्याचे उत्तर १९३८ साली ज्यांनी सुचवले ते मुंबईत वाढलेले अठ्ठावीस वर्षांचे तरुण होते. त्यांचे नाव होमी जहांगीर भाभा.

भाभांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राला त्यांचे नाव आहे, शाळेतल्या मुलांच्या विज्ञान परीक्षेलाही त्यांचे नाव आहे. भाभा म्हटले की अणुभट्टी आणि अणुबॉम्ब एवढेच आपल्याला आठवते. परंतु अणूच्या आत काय आहे याचा ध्यास घेतलेला माणूस म्हणून त्यांची ओळख आपल्याला फारशी नाही. ती आज करून घेऊ.

आत्याचे घर आणि आपली कुंडलिका

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन पारशी घराण्यात झाला. वडील जहांगीर भाभा बॅरिस्टर होते. घरात पुस्तके भरपूर होती आणि पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्याही होत्या. मुलाला चित्रकलेची आवड होती, तिलाही घरातून प्रोत्साहन मिळाले. वडिलांची बहीण मेहेरबाई हिचा विवाह सर दोराबजी टाटा यांच्याशी झाला होता. या आत्याच्या घरी होमीचे जाणे-येणे असे. पोलाद, वीज, कारखाने यांची बोलणी त्याच्या कानावर लहानपणापासून पडत होती.

त्या घरचे एक काम आपल्या दारावरून वाहते. टाटांनी घाटावर मुळशीला धरण बांधले आणि ते पाणी नळांतून कोकणात उतरवून भिऱ्याला वीजकेंद्र उभारले. ते १९२७ साली सुरू झाले. वीज तयार करून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते, म्हणून आपली नदी मे महिन्यातही वाहती राहते आणि धाटावचे कारखाने चालतात. या धरणात जमिनी जाणार म्हणून मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला होता आणि सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले होते, हेही विसरून चालणार नाही. वीज कशीही करा, तिची किंमत कोणीतरी कुठेतरी मोजतच असते. भाभांच्या चरित्रात हा प्रश्न पुढेही येणार आहे.

वडिलांशी झालेला करार

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिकून होमी १९२७ साली केंब्रिजला गेला. घरच्यांचा बेत ठरलेला होता : मुलाने इंजिनिअर होऊन यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे. परंतु वर्षभरातच मुलाने वडिलांना पत्र लिहून कळवले की आपले मन यंत्रांत नाही, भौतिकशास्त्रात आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांत अशी पत्रे, निदान असे फोन, आलेले असतील. वडील रागावले नाहीत आणि लगेच मान्यही झाले नाहीत. त्यांनी मधला मार्ग काढला. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो, मग गणितासाठी आणखी दोन वर्षांचा खर्च मी देतो, असे त्यांनी कळवले. मुलाने १९३० साली इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळवला आणि १९३२ साली गणितातही. दोघांनीही शब्द पाळला.

तो काळ आणि ते ठिकाण दोन्ही विलक्षण होते. १९३२ या एकाच वर्षी केंब्रिजमध्ये जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला, तिथेच कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी यंत्राच्या साहाय्याने अणुकेंद्र फोडले आणि तिकडे अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना पॉझिट्रॉन हा नवा कण सापडला. या पॉझिट्रॉनचे भाकीत आधीच करणारे पॉल डिरॅक केंब्रिजमध्येच भाभांना गणित शिकवत होते.

मोहरीचा दाणा

पुढचे समजण्यासाठी अणूची रचना थोडक्यात पाहू. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ग्रीसचा डेमोक्रिटस आणि आपल्याकडचे कणाद मुनी भेटले होते. पदार्थाचे तुकडे करत गेलो तर शेवटी न तुटणारा बारीक कण हाती लागेल, असे दोघांनीही केवळ विचाराने मांडले होते. तो विचार मोठा होता, पण विसाव्या शतकाने दाखवले की ज्याला आपण अणू म्हणतो तो न तुटणारा नाही. त्याच्या आत एक निराळे जग आहे.

अणूच्या मध्यभागी अणुकेंद्र असते. त्यात धन विद्युतभाराचे प्रोटॉन आणि कोणताही भार नसलेले न्यूट्रॉन एकत्र बांधलेले असतात. त्याभोवती ऋण विद्युतभाराचे इलेक्ट्रॉन वावरतात. इलेक्ट्रॉन फार हलका : एका प्रोटॉनच्या वजनात सुमारे १८३६ इलेक्ट्रॉन बसतील. म्हणून अणूचे जवळजवळ सगळे वजन केंद्रातच असते. आणि ते केंद्र केवढे? सर्वांत साधा अणू हायड्रोजनचा. त्याचे केंद्र मोहरीच्या दाण्याएवढे आहे असे समजा आणि तो दाणा आपल्या वेदीवर ठेवा. तर अणूची कड सुमारे साठ मीटर दूर, पार चर्चच्या बाहेर जाईल. मधे कुठे काहीही भरीव नाही. आपण ज्या बाकावर बसतो ते लाकूड, ज्या जमिनीवर उभे राहतो तो दगड, हे सर्व अशा अणूंचेच बनलेले आहे.

अणूमध्ये किती प्रोटॉन आहेत यावरून तो कोणते मूलद्रव्य हे ठरते. एक असेल तर हायड्रोजन, सहा असतील तर कार्बन, अकरा असतील तर सोडियम, ब्याण्णव असतील तर युरेनियम. धाटावच्या कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्यांना रिअ‍ॅक्टर हा शब्द रोजचा आहे. आपल्या रिअ‍ॅक्टरमध्ये रसायने एकत्र करून तापवतात, ढवळतात आणि नवे रसायन तयार होते. त्यात अणूंचे केवळ बाहेरचे इलेक्ट्रॉन जोडीदार बदलतात. केंद्राला धक्काही लागत नाही. बॅच कितीही तापली तरी आत गेलेला सोडियम सोडियमच राहतो. तुर्भ्याच्या रिअ‍ॅक्टरचे, म्हणजे अणुभट्टीचे, काम निराळे आहे. तिथे युरेनियमच्या केंद्रावर न्यूट्रॉन आदळतो, केंद्र दुभंगते, दोन हलके अणू तयार होतात, उष्णता निघते आणि दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, जे पुढची केंद्रे फोडतात. नाव एकच असले तरी एक काम घराच्या ओसरीवर चालते आणि दुसरे देवघरात. म्हणूनच दुसऱ्यातली शक्ती प्रचंड आहे. एक किलो विखंडनक्षम युरेनियम पूर्ण फुटला तर सुमारे अडीच ते तीन हजार टन कोळशाएवढी उष्णता देतो.

आकाशातून येणारी सर

भाभांचे लक्ष मात्र तेव्हा अणुभट्टीकडे नव्हते. ते आकाशाकडे पाहत होते. १९१० साली थिओडोर वुल्फ या जेझुइट धर्मगुरूंनी स्वतः तयार केलेले एक नाजूक उपकरण पॅरिसच्या आयफेल टॉवरवर नेले होते. हवेत आढळणारा किरणोत्सर्ग जमिनीतूनच येत असेल तर उंचावर तो पुष्कळ कमी व्हायला हवा होता. तो अपेक्षेइतका कमी झाला नाही. दोन वर्षांनी व्हिक्टर हेस बलूनमधून पाच किलोमीटरहून उंच गेले, तर किरणोत्सर्ग उलट वाढलेला आढळला. म्हणजे हे किरण वरून, अवकाशातून येतात. त्यांना विश्वकिरण म्हणतात.

हे किरण हवेतल्या अणूंवर आदळले की कधीकधी एकाच वेळी शेकडो कणांची सर कोसळते. हे कसे होते ते कोणाला नीट सांगता येत नव्हते. भाभा आणि वॉल्टर हाइट्लर यांनी १९३७ साली त्याचे गणित मांडले. हाइट्लर हे हिटलरच्या राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले शास्त्रज्ञ होते. त्यांचे म्हणणे असे : जोरात धावणारा इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना प्रकाशाचा एक प्रखर कण फेकतो. तो प्रकाशकण पुढच्या केंद्राजवळ गेला की त्यातून एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन अशी जोडी जन्मते. हे दोघे पुन्हा प्रकाशकण फेकतात, त्यांच्या पुन्हा जोड्या होतात. एकाचे दोन, दोनाचे चार, असे करत मूळची ऊर्जा वाटली जाऊन संपेपर्यंत ही वेल वाढत जाते. अमेरिकेत ओपेनहायमर आणि कार्लसन यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हाच विचार मांडला. त्याआधी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर झाली तर ते किती प्रमाणात कोणत्या दिशेला उडतील याचे गणित भाभांनी एकट्याने केले होते. त्या टकरीला आजही जगभर भाभांचे नाव आहे आणि मोठमोठ्या कणयंत्रांची मोजणी तपासण्यासाठी ते गणित वापरतात.

आता पहिले कोडे. विश्वकिरणांत इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट जड असा एक कण १९३६-३७ मध्ये सापडला होता. हा कण अल्पायुषी असावा, असे भाभांनी सांगितले. आणि तसे असेल, तर आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावणाऱ्या कणाचे घड्याळ आपल्या दृष्टीने संथ चालेल आणि त्याचे आयुष्य लांबलेले दिसेल, असेही त्यांनी दाखवून दिले. पुढे प्रयोगांनी हे खरे ठरले. म्हणूनच तो कण आपल्या तळहातापर्यंत पोहोचतो. त्या कणाला मेसॉन म्हणावे अशी सूचना भाभांनी १९३९ साली केली. पुढे कळले की तो कण निराळ्या कुळातला आहे. त्याला म्यूऑन म्हणू लागले आणि मेसॉन हे नाव दुसऱ्या एका कणसमूहाला मिळाले. आज आपल्याला हेही ठाऊक आहे की प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच्या आत क्वार्क आहेत. ही कल्पना १९६४ साली, भाभांच्या हयातीतच मांडली गेली.

सुट्टी लांबली

१९३९ साली भाभा सुट्टीवर घरी आले आणि त्याच सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले. परतीचे दोर कापले गेले. वय एकोणतीस, युरोपात नाव होऊ लागलेले, कामाचे सगळे साथीदार तिकडे. अशा वेळी माणूस खचतो किंवा रोज बोटीच्या वेळापत्रकाकडे डोळे लावून बसतो. भाभांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत साधी नोकरी पत्करली. तिथे सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते. दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधीतून थोडे पैसे मिळाले आणि विश्वकिरणांचा एक छोटा विभाग सुरू झाला. युद्धामुळे अमेरिकेच्या हवाई दलाची विमाने बंगळूरला येत असत. त्या विमानांतून भाभांनी आपली मोजणीयंत्रे उंच आकाशात पाठवली. ज्या युद्धाने वाट अडवली त्या युद्धाची विमानेच त्यांनी कामाला लावली. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य म्हणून निवडले.

हळूहळू त्यांचा विचार पालटला. परदेशी परत जाण्याऐवजी, ज्यासाठी परदेशी जावे लागते ते इथेच उभे करावे असे त्यांना वाटू लागले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी टाटा विश्वस्तांना पत्र लिहून मूलभूत संशोधनाची एक संस्था मागितली. काही दशकांत अणूपासून वीज तयार होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेर शोधावे लागू नयेत, असे त्यांनी त्यात मांडले होते. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा अजून सतरा महिने अवकाश होता.

१ जून १९४५ रोजी बंगळूरला टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी ती मुंबईला आली. पहिली जागा म्हणजे पेडर रोडवरच्या त्यांच्या नातेवाइकांच्या बंगल्याचा काही भाग. नंतर गेट वे ऑफ इंडियाजवळची जुनी यॉट क्लबची इमारत, आणि १९६२ पासून कुलाब्याची समुद्राकाठची वास्तू. भाभांची रीत अशी की इमारत बांधून मग माणसे शोधायची नाहीत; चांगला माणूस मिळाला की त्याच्याभोवती काम वाढवायचे. बिभा चौधुरी या विश्वकिरणांवर काम केलेल्या बंगाली शास्त्रज्ञ सुरुवातीच्या काळात संस्थेत आल्या. ज्या काळी महिलांसाठी प्रयोगशाळेची दारे सहज उघडत नसत, त्या काळची ही गोष्ट आहे. बांधकामाच्या आड येणारी झाडे भाभा तोडू देत नसत, मुळांसकट हलवून दुसरीकडे लावत. संस्थेसाठी ते चित्रे विकत घेत. हुसेन यांचे मोठे भित्तिचित्र आणि गायतोंडे यांची चित्रे तिथे आजही आहेत.

तुर्भे आणि टाटा हॉस्पिटल

१९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५४ साली तुर्भ्याचे केंद्र सुरू झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. इंधन ब्रिटनहून आले होते, पण भट्टी आपल्या इंजिनिअरांनी बांधली होती. सोव्हिएत संघ वगळता आशियातली ती पहिली. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम मुबलक आहे, हे लक्षात घेऊन त्यांनी तीन टप्प्यांची योजनाही आखली. तिचा थोरियमवर चालणारा तिसरा टप्पा अजून प्रत्यक्षात यायचा आहे.

या सगळ्यात आपल्या लोकांच्या सर्वांत जवळचे काम मात्र दुसरेच आहे. भाभांची आत्या मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारली. त्या दुःखातून आणि दोराबजींच्या निधीतून परळला १९४१ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. पुढे, १९६२ साली, ते अणुऊर्जा खात्याकडे आले. भाभांना दिसत होते की कर्करोगाच्या उपचारात किरणोत्सर्गाचे महत्त्व वाढत जाणार आणि त्यासाठी लागणारे द्रव्य अणुभट्टीतच तयार होणार. आपल्या भागातून कुणी ना कुणी फायलीची पिशवी घेऊन पहाटेच्या गाडीने परळला किंवा खारघरला जात असतो. कर्करोगाच्या गाठीवर मोजूनमापून सोडलेले ते किरण अणूच्या आतल्या अभ्यासाचेच फळ आहेत. एका भाच्याने आत्याच्या आठवणीची अशी सोय लावली.

एक मतभेद

भाभांचे सगळेच बरोबर होते असे नाही. १९५५ साली जिनिव्हाला अणूच्या शांततामय उपयोगावर पहिली जागतिक परिषद भरली, तिचे अध्यक्ष भाभा होते. सूर्यात चालते तशी अणूंच्या संमीलनाची ऊर्जा वीस वर्षांत माणसाच्या ताब्यात येईल असे भाकीत त्यांनी तिथे केले. आज सत्तर वर्षे उलटली, तरी त्यापासून घरात वीज आलेली नाही.

गोव्यात जन्मलेले थोर गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांना भाभांनीच संस्थेत आणले होते. पुण्याहून आगगाडीने ते मुंबईला येत-जात. पुढे दोघांचे पटले नाही. अणुविजेवर एवढा खर्च करण्यापेक्षा आपल्यासारख्या उन्हाच्या देशाने सूर्याची ऊर्जा वापरावी, असे कोसंबी उघडपणे मांडत. १९६२ साली त्यांचा करार पुढे वाढवण्यात आला नाही. देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा आजही सुमारे तीन टक्के आहे आणि सौर वीज त्याहून जास्त तयार होते. मोठ्या माणसाच्या विरोधात बोलणाऱ्याचेही काही बरोबर असू शकते, हे यातून घेण्यासारखे आहे. दोघेही १९६६ सालीच वारले.

१९६४ चा तो ऑक्टोबर आणि डिसेंबर

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने अणुबॉम्बची चाचणी केली. दोन वर्षांपूर्वीच चीनशी युद्धात आपली हार झाली होती, त्यामुळे देशात घबराट होती. २४ ऑक्टोबरला भाभांचे आकाशवाणीवर भाषण झाले. जगाने निःशस्त्रीकरण करावे असे त्यांनी सांगितले. पण त्याबरोबरच परदेशी आकड्यांच्या आधारे बॉम्ब किती स्वस्तात होऊ शकतो याचा हिशोबही मांडला. पन्नास बॉम्बना दहा कोटी रुपयांहून कमी खर्च येईल, असा तो हिशोब होता. बॉम्ब हवा म्हणणाऱ्यांनी तो आकडा उचलून धरला. आयुष्यभर अणूच्या शांततामय उपयोगाविषयी बोललेल्या माणसाने हे का केले, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

त्यानंतर सहा आठवड्यांतच, डिसेंबरच्या सुरुवातीला, त्याच मुंबईत पोप सहावे पॉल आले. ओव्हल मैदानावर पवित्र साक्रामेंताची जागतिक परिषद भरली होती. आपल्यातल्या ज्येष्ठांपैकी काहींना ते दिवस आठवत असतील. पोप महाशयांनी मुंबईतूनच जगातल्या राष्ट्रांना विनंती केली की शस्त्रास्त्रांच्या खर्चातला काही भाग बाजूला काढून गरीब देशांसाठी निधी उभारावा. म्हणजे एकाच शहरात, एकाच हिवाळ्याच्या तोंडावर, दोन हिशोब मांडले गेले. एक बॉम्बच्या किमतीचा आणि दुसरा त्या पैशात किती जणांना भाकरी मिळेल याचा.

मला वाटते, भाभांचे चरित्र वाचताना इथे थोडे थांबले पाहिजे. जे अणुकेंद्र फोडून परळला रोग्याचा जीव वाचतो, तेच फोडून हिरोशिमात एका सकाळी शहर जळाले. केंद्राला चांगले-वाईट कळत नाही. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आपापल्या नियमाने वागतात. निवड माणसाला करावी लागते. ती एकट्या शास्त्रज्ञावर सोडता येत नाही, कारण बॉम्ब किंवा हॉस्पिटल यांपैकी काय मागायचे हे शेवटी जनता, म्हणजे तुम्ही-आम्ही, ठरवत असतो. ज्या गोष्टीविषयी ठरवायचे ती निदान थोडी तरी समजून घेणे हे म्हणूनच आपले कर्तव्य ठरते.

बर्फातील शेवट

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभा व्हिएन्नाला एका बैठकीसाठी निघाले होते. त्यांचे कांचनगंगा हे विमान जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्यू पावले. विमान शिखर ओलांडून गेले आहे की नाही, याविषयी वैमानिक आणि जमिनीवरील नियंत्रक यांच्यात गैरसमज झाला, असे फ्रान्सच्या चौकशीत दिसून आले. घातपाताच्या कथा अधूनमधून ऐकू येतात, पण त्यांना पुरावा मिळालेला नाही. तेरा दिवसांपूर्वीच लालबहादूर शास्त्रींचे निधन झाले होते आणि अपघात झाला त्याच दिवशी इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. भाभांचे वय तेव्हा छप्पन्न होते. त्यांनी लग्न केले नव्हते.

त्या अपघाताचे अवशेष हिमनदीत गाडले गेले. बर्फ वितळू लागल्यावर २०१२ साली भारतीय टपालाची एक पिशवी वर आली आणि २०२० साली १९६६ ची वर्तमानपत्रे सापडली. १९६७ साली तुर्भ्याच्या केंद्राला भाभांचे नाव देण्यात आले. त्यांच्या मृत्यूने काम थांबले नाही, कारण त्यांनी माणसे तयार केली होती. पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झालेले आपले मराठी शास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर १९६४ साली तरुण इंजिनिअर म्हणून तुर्भ्याला रुजू झाले होते.

आपल्या मुलांपैकी कुणी आखातात आहे, कुणी पुण्या-मुंबईला, आणि कुणी जायचे ठरवूनही काही कारणाने इथेच राहून गेले आहे. राहून गेलेल्यांना कधीकधी आपले आयुष्य अडकल्यासारखे वाटते. भाभाही असेच सुट्टीवर येऊन अडकले होते. त्यांच्यामागे टाटांचा पैसा होता, आपल्यामागे नाही, हे खरेच. पण सुरुवात त्यांनी एका छोट्या विभागातून आणि नातेवाइकांच्या घरातल्या काही खोल्यांतून केली. आपल्या घरातले एखादे मूल बारावीचे रसायनशास्त्राचे पुस्तक उघडून अणूची आकृती काढत बसले असेल, तर त्याच्याजवळ पाच मिनिटे बसा आणि ते काय काढते आहे ते त्याला विचारा. त्याला सांगता येते का पाहा. नाही आले, तर दोघे मिळून शोधा.

आणि तळहाताची मोजणी राहिली असेल, तर घरी जाऊन जरूर करा.